माज एकत्र आणून गोठ्यातच रेतन: आमच्या आठ शेळ्यांचा अनुभव

आमच्या गावात बोकड एकच. त्याच्याच लेकी पुन्हा त्याच्याकडे जायच्या आणि करडं दरसाल खुजी होत चालली होती. म्हणून गेल्या आषाढात अमळनेरकडून गोठ्यावर येऊन कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, "आपला बोकडले काय व्हयनं?" त्यांचं म्हणणंही खरं होतं, कारण याआधी एकदा आमचे हात पोळले होते. दुसऱ्या एकाने न तपासता सगळ्या शेळ्यांना माजाचं, म्हणजे शेळी फळायला तयार व्हावी म्हणून द्यायचं, इंजेक्शन टोचलं. त्यात एक गाभण होती, ती तिसऱ्या दिवशी गाभडली.

या डॉक्टरांनी आधी दहाही शेळ्यांना सोनोग्राफीचं मशीन लावलं. एक गाभण निघाली, ती बाजूला. एक हडकुळी होती, तिला आधी खाऊ घाला म्हणाले. उरलेल्या आठ जणींना मूठमूठ मका सुरू करायला सांगितला आणि सगळ्यांचा माज एकाच वेळी यावा म्हणून योनीत हार्मोनचा स्पंज बसवला. दोरा बाहेर लोंबतो. तो दुसऱ्या शेळीने चघळून ओढू नये म्हणून आखूड कापला.

बाराव्या दिवशी सकाळी सातला स्पंज काढले. वास येतो, घाबरू नका. लगेच एकेक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात नुसता कल्ला! शेपट्या हलताहेत, एकमेकींवर चढताहेत. एरवी एकेकीचा माज हेरायला २१ दिवस डोळे लावून बसावं लागतं.

स्पंज काढल्यापासून ४८ तासांनी रेतन करायचं होतं. नायट्रोजनच्या टाकीतून उस्मानाबादी जातीच्या बोकडाच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढून थर्मामीटर लावलेल्या ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली. कांडीवर छापलेला बोकडाचा नंबर मला दाखवून वहीत लिहायला लावला. ही गोष्ट मला फार पटली, कारण पुढे तोच बोकड पुन्हा नको असेल तर वहीच कामाला येते.

एक तक्रार आहे. रेतनाला सकाळी सातचं ठरलं होतं, डॉक्टर साडेदहाला आले. या कामात वेळेलाच किंमत असते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

आठपैकी चार गाभण राहिल्या. उलटलेल्या, म्हणजे पुन्हा माजावर आलेल्या, चौघींना २१ दिवसांच्या सुमारास शेजारगावच्या बोकडाकडे नेलं. पहिल्याच खेपेला आठही राहतील असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून फसवल्यासारखं वाटलं नाही. शेळीमागे सहाशे रुपये मला जास्त वाटले नाहीत.

मार्गशीर्षात चार दिवसांत चौघी व्याल्या, सात करडं. थंडी होती, पण गोणपाट बांधून एकाच कोपऱ्यात सगळी सांभाळता आली, आणि चैत्राचं ऊन तापायच्या आत ती पाल्याला लागली. हडकुळी आता भरलीय. यंदा तिचंही नाव दिलंय, फक्त वेळ सकाळी सातचीच हवी असं बजावून.