मेट्रो ३ : जिथे लोकल गेली नाही, तिथून

आरेहून कफ परेड : ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, ७० रुपये, तासाच्या आत. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या गाडीबद्दल एवढं लिहिलं तरी पुरे. आठ डबे आहेत, थंड आहे, दारात लोंबकळावं लागत नाही. खरा प्रश्न स्टेशनं कुठे आहेत आणि तिथेच का आहेत, हा आहे. त्याचं उत्तर गाडीत बसून मिळत नाही, ते वरच्या जमिनीत आहे.

मुंबईत रेल्वे आली १८५३ मध्ये, पश्चिमेची लाइन त्यानंतर दहा-बारा वर्षांत. पुढे शहराने कचेऱ्या-उद्योगांसाठी मुद्दाम आखलेल्या मोठ्या जागा बघा : नरिमन पॉइंट, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आणि अंधेरीतला निर्यात उद्योगांचा पट्टा सीप्झ. तिन्ही ठिकाणी लोकलमधून थेट उतरता येत नाही. उतरा, मग शेअर टॅक्सी, बस नाहीतर रिक्षाची रांग. मेट्रो ३ या तिन्ही जागा एका सुतात ओवते. म्हणून हिच्याकडे नवी सोय म्हणून न बघता जुन्या थकबाकीची वसुली म्हणून बघावं, आणि वसुली कुठे पूर्ण झाली, कुठे राहिली, हे तपासावं.

दक्षिण टोकाला वसुली सर्वांत चांगली झाली आहे. पश्चिम रेल्वे पूर्वी चर्चगेटला संपत नव्हती, कुलाब्यापर्यंत जात होती. बॅकबेच्या भरावासाठी १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद केलं. म्हणजे समुद्र हटवून नवी जमीन काढायची, आणि त्याच जमिनीच्या तोंडाशी आलेले रूळ उपटायचे! तो भरावही धड झाला नाही. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात आठ तुकडे आखले होते, त्यातले निम्मेच पुरे झाले. खर्च आणि भ्रष्टाचारावर वकील खुर्शेद नरिमन यांनी रान उठवलं. गंमत अशी की राहिलेला भराव स्वातंत्र्यानंतर झाला आणि त्यावरच्या कचेऱ्यांच्या रांगेला त्यांचंच नाव मिळालं. १९६५ च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल खाडीपलीकडे नवं शहर वसवा म्हणून सांगत होते. १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापनही झाली. पण सरकार स्वतः मंत्रालय सोडून पलीकडे गेलं नाही आणि नरिमन पॉइंटचे मजले चढत राहिले. त्याचं ओझं इतकी वर्षं चर्चगेटबाहेरच्या फुटपाथांनी वाहिलं. आता विधान भवन आणि कफ परेड या दोन स्टेशनांनी ते हलकं झालं. मंत्रालयात काम असेल तर चर्चगेटला न उतरता विधान भवनला उतरा.

फोर्टात नावांनी फसू नका. हायकोर्ट किंवा विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला जायचं तर हुतात्मा चौक स्टेशन बरं. चर्चगेट हे नाव मुळात किल्ल्याच्या वेशीचं, आणि ती वेस होती आजच्या हुतात्मा चौकात. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडायला घेतला आणि वेशीच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. रेल्वेने मात्र ओव्हल मैदानाच्या पलीकडे स्टेशन बांधून नाव तेच ठेवलं. मेट्रोमुळे दोन्ही ठिकाणं आता लागोपाठची स्टेशनं झाली आहेत.

काळबादेवी आणि गिरगाव ही या मार्गावरची सर्वांत अवघड स्टेशनं. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्याने दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. समुद्राचा वारा आत यावा हा हेतू. पण रुंद रस्त्यांच्या मधल्या गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. अशा गल्लीखाली स्टेशन बांधायचं तर रस्ता वरून उघडा करून खड्डा खणायची सोय नसते. मग थोडा भाग खणायचा, लगेच काँक्रीटचा थर फवारून आधार द्यायचा, मग पुढचा भाग, अशा पद्धतीने आतून पोखरत जावं लागतं. शिवाय उतरायच्या जिन्यांसाठी जागा हवी, म्हणून जुन्या पागडीच्या इमारती पाडाव्या लागल्या आणि भाडेकरूंचं पुनर्वसन त्याच भागात करण्याचं ठरलं. खोदकामाच्या वर्षांत इथल्या रहिवाशांनी जे सोसलं त्याची भरपाई तिकिटात होत नाही. मात्र वापराच्या हिशोबाने ही दोन स्टेशनं पैकीच्या पैकी आहेत. पूर्वी काळबादेवीच्या व्यापाऱ्याला मरीन लाइन्स किंवा मशीद बंदरपर्यंत पायपीट होती. आता बाजाराच्या पोटातच गाडी आहे.

मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेठ यांचं नाव आहे. देशातली पहिली रेल्वे उभी करणाऱ्यांत नाना होते. नाव योग्य जागी लागलं, एवढं म्हणू आणि पुढे जाऊ.

महालक्ष्मी ते वरळी हा तुकडा लक्ष देऊन बघावा असा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून आत शिरणारं भरतीचं पाणी बांध घालून अडवलं. मागची खार जमीन सुकली आणि पुढे तिथे गिरण्या-चाळी झाल्या. पण सखल जमीन सखलच राहते. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं. अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशद्वाराची भिंत पाण्याच्या दाबाने कोसळली होती. स्टेशन उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता. बांधकाम पुरं होण्याआधी स्टेशन उघडण्याची घाई ही चूक होतीच, पण मुंबईत भुयारी स्टेशनाचं तोंड रस्त्यापेक्षा किती उंच ठेवायचं हे जमिनीचा इतिहास वाचून ठरवावं लागतं. अतिवृष्टीच्या दिवशी निघण्याआधी मेट्रोच्या ॲपवर सूचना बघाव्यात.

याच भागात वसुली सर्वांत कमी झाली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते : एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांची जमीन तर शेडखालीच, त्यामुळे शहराच्या पदरात फार थोडं पडलं. लोअर परळला काचेच्या कचेऱ्या आल्या, पण रेल्वेचे पूल गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मेट्रो ३ या गर्दीच्या पश्चिमेकडून जाते. सायन्स सेंटर, अत्रे चौक, वरळी ही स्टेशनं वरळीकरांना सोयीची. लोअर परळ स्टेशनच्या पूर्वेला कचेरी असेल तर लोकलच धरा.

दादरचं मेट्रो स्टेशन गोखले रोडच्या बाजूला आहे. शिवाजी पार्कला जाणाऱ्यांना उत्तम. लोकल बदलायची तर बाजारातून चालत जा, आणि संध्याकाळी त्या वाटेला किती वेळ लागतो ते दादरकरांना विचारा. सांताक्रूझचंही तसंच : नाव रेल्वे स्टेशनचं, जागा वेगळी. लोकल बदलायला खात्रीची स्टेशनं म्हणजे चर्चगेट, सीएसएमटी आणि महालक्ष्मी. मरोळ नाका इथे वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मिळते. अंधेरी-घाटकोपरकडून विमानतळाला किंवा बीकेसीला जाणाऱ्यांसाठी सर्वांत कामाची बदली हीच.

बीकेसी हे दक्षिण मुंबईवरचा भार हलका करायला मिठी नदीकाठच्या दलदलीवर आखलेलं संकुल. एमएमआरडीए, म्हणजे महानगर विकास प्राधिकरण, १९७५ ची, या भागाच्या नियोजनाचे अधिकार तिला १९७७ मध्ये मिळाले. सुमारे ३७० हेक्टर, रुंद रस्ते, भलेमोठे भूखंड, आणि रेल्वे एकीकडे वांद्र्याला, दुसरीकडे कुर्ल्याला. मेट्रोने इथे एक स्टेशन दिलं, तेही एका बाजूला. भूखंड एवढे लांबरुंद की स्टेशनहून हिरे बाजारापर्यंत उन्हात चालणं ही शिक्षाच. इथे शहर मोटारीच्या मापाने आखलं गेलं, ती चूक एका स्टेशनाने भरून निघणारी नाही.

तिकिटाचं सांगायचं तर खिडकी, ॲप, व्हॉट्सॲप किंवा एनसीएमसी (देशभरच्या सार्वजनिक वाहतुकीचं एकच) कार्ड, काहीही चालतं. लोकलचा पास चालत नाही. मोबाईलवरचं क्यूआर तिकीट रस्त्यावर असतानाच काढून ठेवा. सुरुवातीच्या काळात भुयारात नेटवर्क न मिळाल्याने अनेकांची फाटकाशी पंचाईत झाली. बाहेर पडताना खुणेच्या फलकावर दाराचं अक्षर बघून मगच जिना चढा. चुकीच्या दाराने वर आलात तर मोठा रस्ता ओलांडून परत यावं लागतं, आणि सिग्नल तुमच्यासाठी थांबलेला नसतो. घड्याळ लावताना सामानाची तपासणी आणि सरकते जिने मिळून दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं धरा. ग्रँट रोडहून चर्चगेटसारख्या छोट्या अंतराला हा हिशोब परवडत नाही, लोकल आधी पोचते. आरे किंवा सीप्झहून कफ परेडला मात्र लोकल या स्पर्धेतच नाही.

१९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झमधल्या कामगारांनी अर्धं शतक अंधेरीहून बस आणि रिक्षात काढलं. आता दारात स्टेशन आहे. पुढचं आरे हे या मार्गावरचं जमिनीवरचं एकमेव स्टेशन. १९४९ च्या दूध वसाहतीच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड झाली. त्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं तोडली गेली आणि त्यावरचा वाद अनेकांच्या मनात अजून मिटलेला नाही. स्टेशनबाहेर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आहे. पवईकडे जायला इथून बस किंवा रिक्षाच, कारण पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या मेट्रो ६ चं काम याच रस्त्यावर अजून चालू आहे.