इंटरनेट रेडिओचे ध्वनिमुद्रण: एफएफएमपेग काही महिने वापरल्यानंतर

आकाशवाणीची ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची अहोरात्र वाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यावर उत्तम गायन पुष्कळदा अडनिड्या वेळी लागते. ते नंतर निवांत ऐकता यावे म्हणून गेले काही महिने मी पुण्यातल्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एफएफएमपेग हा मोफत प्रोग्राम चालवत आहे. ध्वनीच्या दर्जाबाबत मी पूर्ण समाधानी आहे आणि त्याचे कारण एकच: आलेला प्रवाह, म्हणजे स्टेशनकडून नेटवर सतत येणारा ध्वनी, पुन्हा एन्कोड न करता (नव्याने न आवळता), ‘कॉपी’ हा पर्याय देऊन, जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवता येतो.

संगणकावर वाजणारा आवाज ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये टिपण्याची पद्धत सर्रास सुचवली जाते. तीत स्टेशनकडून आलेला एमपी३ किंवा एएसी प्रकारात आवळलेला ध्वनी आधी उलगडला जातो, साउंड कार्डाच्या सॅम्पल रेटप्रमाणे (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या संख्येप्रमाणे) बदलू शकतो, मध्येच एखाद्या मेसेजचा आवाज त्यात मिसळतो आणि शेवटी सगळे पुन्हा एमपी३मध्ये आवळले जाते. या दुसऱ्या आवळण्यात जे गेले ते गेलेच. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिटचा) प्रवाह ३२०ला साठवल्याने फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. तानपुऱ्यावर हा फरक कानाला सर्वांत आधी जाणवतो, कारण जवारीतून, म्हणजे तारांच्या झणकारातून, उमलणारे वरचे सूक्ष्म स्वर पाणचट होऊन थरथरू लागतात. थेट कॉपी केलेल्या फाइलमध्ये स्टेशनने पाठवलेली जवारी तशीच राहते आणि १२८ केबीपीएसला तासाभराचे मुद्रण जेमतेम ५८ एमबी भरते.

अर्थात, मुळात प्रवाहच हलका असेल तर कॉपी करून काय साधणार? एकाच स्टेशनचे अनेकदा दोन-तीन प्रवाह असतात, ते एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोब या प्रोग्रामने आधी तपासून घ्यावेत. कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी किलोबिटच्या) एचई-एएसी या एएसीच्या उपप्रकारामध्ये वरच्या पट्टीतला ध्वनी बराचसा खालच्या पट्टीवरून पुन्हा रचलेला असतो; बातम्यांना ते चालते, सरोदला मला चालत नाही. रेडिओ पॅराडाइजसारखे स्टेशन तर फ्लॅक या काहीही न गमावता आवळणाऱ्या प्रकारामध्येही प्रसारण करते.

फाइलच्या प्रकाराचा विचार मात्र आपल्याकडे वेगळ्याच कारणाने करावा लागतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे, आणि एएसी ध्वनी साठवणाऱ्या साध्या एम४ए फाइलची अनुक्रमणिका मुद्रण संपताना लिहिली जात असल्यामुळे वीज मध्येच गेली तर ती फाइल उघडतच नाही. एमकेए या प्रकारच्या फाइलमध्ये डिस्कवर लिहून झालेला भाग वाजतो, म्हणून मी तोच प्रकार ठरवून टाकला आहे. नेट तुटल्यावर पुन्हा जोडणी करणारे पर्याय उपयोगी आहेत. फक्त नेट-रेडिओच्या प्रसारणाचा आइसकास्ट सर्व्हर नव्या श्रोत्याला सुरुवातीला साठवलेला थोडा भाग एकदम पाठवतो, त्यामुळे जोडणीच्या जागी काही सेकंद दोनदा ऐकू येऊ शकतात.

कमांड लिहून काम करण्याची सवय नसणाऱ्याला पहिले काही दिवस जड जातील. शिवाय नेटवरचे प्रसारण मूळ वेळेच्या मागे असते, तेव्हा ठरल्या वेळी मुद्रण चालवणाऱ्या क्रॉन या सोयीमध्ये शेवटी पाच मिनिटे जास्तीची धरावीत. हा जादा भाग एमपी३ प्रवाहाच्या बाबतीत मी एमपी३डायरेक्टकट या प्रोग्रामने छाटतो. तो पुन्हा एन्कोड न करता फ्रेमच्या (एमपी३ ध्वनीच्या एका छोट्या तुकड्याच्या) सीमेवर कापतो, आणि ४४.१ किलोहर्ट्झला एक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची असल्यामुळे निवेदन संपून आलापाचा पहिला षड्ज लागण्याआधीची जागा नेमकी साधता येते.