जुन्या विंडोज ७ वर लिबरऑफिस कॅल्क: काही महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी माझ्याकडे असते. घरचा कॉम्प्युटर जुना आहे: कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२-बिट विंडोज ७. ऐन पावत्यांच्या दिवसांत ऑफिस २०१० ची वरची पट्टी लाल झाली, ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेशन फेल्ड’. ज्याने ते कॉम्प्युटरवर बसवून दिलं होतं त्याच्याकडे गेलो आणि लायसन्सची की मागितली. उत्तर मिळालं, "अंकल, डिब्बा ही बदल लो. नहीं तो हर साल पैसे दे दिया करो, मैं चालू कर दूँगा." बिल मिळणार नाही म्हणाला. मंडळाचा पैसा लोकांचा असतो, बिल नसलेला खर्च मी कोणत्या रकान्यात लिहू? त्याच संध्याकाळी लिबरऑफिस उतरवायला घेतलं.

लिबरऑफिस म्हणजे ऑफिससारखाच पण मोफत सॉफ्टवेअरचा संच, आणि कॅल्क हा त्यातला एक्सेलसारखा प्रोग्राम. आता थेट अडचणींवर येतो. साइटवर पुढे ठेवलेली आवृत्ती ६४-बिट असते. ती ३२-बिट विंडोजवर सुरूच होत नाही, प्रोसेसर चालणार नाही असं सांगून बंद होते. प्रोसेसर ठीक असतो, फक्त फाइल दुसरी लागते. शिवाय २५.८ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला आहे, त्यामुळे आपल्यासाठी २५.२ ही शेवटची. लिबरऑफिस काढणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनने सगळ्या जुन्या आवृत्त्या संग्रहात जपून ठेवल्या आहेत, तिथून ३२-बिटची एमएसआय, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, घ्यावी. एक रुपया लागत नाही, नोंदणी लागत नाही.

त्यानंतर ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ ने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची एक फाइल) सापडत नाही, असा संदेश आला. इथे अनेकजण कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल उतरवतात. ते कृपा करून करू नका, व्हायरस येण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे. मायक्रोसॉफ्टचा केबी २९९९२२६ हा अपडेट टाकला की ती फाइल येते. त्याआधी विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ असायलाच हवा, स्टार्ट मेनूत ‘विनव्हर’ (winver) टाइप करून चालवलं की कळतं. केबी ३०६३८५८ सुद्धा टाकून घ्या. एवढं झाल्यावर मात्र इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं.

पहिला अनुभव संथ होता. उघडायला वेळ, खाली सरकवताना मध्येच काळे पट्टे. टूल्सच्या ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये जावाची खूण काढली. कॅल्कच्या रोजच्या कामाला जावा लागत नाही. ‘व्ह्यू’ मध्ये स्किया, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा, बंद केली, पट्टे गेले. लोकेल, म्हणजे भाषा-देशाची निवड, ‘इंग्लिश, इंडिया’ केल्यावर लाखांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडू लागले. वेग अजूनही ऑफिस २०१० पेक्षा कमीच आहे, पण दोन-तीनशे नावांच्या यादीला पुरतो.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. आमची जुनी यादी कृतीदेव ०१० या जुन्या हिंदी फाँटमध्ये आहे. इंदुरात ज्यांनी हिंदी टायपिंग क्लासमध्ये हात बसवला, त्यांची बोटं त्याच फाँटवर चालतात आणि मंडळातल्या आधीच्या सगळ्या खजिनदारांनी तेच वापरलं. कृतीदेव युनिकोड नव्हे, म्हणजे त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे वेगळे संकेत नसतात. आपल्याला दिसतो ‘म’, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी लहान ‘ई’ असतो. मोठा ‘ई’ टाकला की अर्धा म येतो.

कॅल्कमध्ये ऑटोकरेक्ट, म्हणजे टायपिंगच्या चुका आपोआप सुधारणारी सोय, आधीपासून चालू असतं. रकान्यातलं पहिलं अक्षर इंग्रजी वाक्याचं समजून ते मोठं करतं. म्हणजे पूर्ण म चा अर्धा म होतो. पुढे काना असला तर अर्धा म आणि काना मिळून नुसता म दिसतो, आणि नाव बिघडलं आहे हे डोळ्यांना कळतही नाही. माने यांचे ‘मने’ झाले. साने ‘सने’, पानसे ‘पनसे’. मोरे यांच्या पावतीवर ‘मेरे’ छापून गेलं. अक्षरं तुटकी दिसली असती तर कुणीही लगेच पकडलं असतं, पण हे शुद्ध दिसणारं चुकीचं नाव आहे. वर्गणी देणाऱ्या माणसाला पावतीवर स्वतःचं नाव नीट मिळणं ही माझ्या दृष्टीने साधी बाब नाही. इतकी वर्षं देणाऱ्या घराचं आडनाव आपण बदलून टाकतो, म्हणजे काय!

मी कॅल्क काढून टाकायच्या बेतात होतो. त्याच रात्री टूल्समधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये कारण सापडलं. पहिलं अक्षर मोठं करण्याची खूण काढा. सुरुवातीची दोन मोठी अक्षरं सुधारण्याची खूणही काढा, कारण दोन अर्धी अक्षरं लागोपाठ आली की ती तिथे अडकतात. अवतरणचिन्हांच्या टॅबमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही बदल बंद करा. कृतीदेवमध्ये सरळ एकेरी चिन्ह म्हणजे अर्धा श. पहिलं नाव टाइप करण्याआधी हे झालंच पाहिजे. ज्या मंडळाकडे, पतपेढीकडे, शाळेकडे कृतीदेवमधल्या जुन्या फाइली आहेत, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं कराच.

या प्रकरणाने माझं मत आणखी एका बाबतीत बदललं. कृतीदेव टिकवायचा माझा हट्ट होता, कारण हात बसलेला. पण यादी क्रमाने लावून बघा. सॉर्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होतं, त्यामुळे कानेटकर पहिले, मग माने, पानसे, रानडे, साने, देशपांडे, जोशी, आणि आपटे शेवटच्या गोखल्यांच्या जरा आधी. दारोदार फिरणाऱ्या मुलांना ही यादी देऊन नाव शोधायला लावणं म्हणजे त्यांचा छळ. मी फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरने सगळी नावं युनिकोडमध्ये आणली. सॉर्टच्या ऑप्शन्समध्ये भाषा मराठी निवडली, आणि आपटे पहिल्या ओळीत आले. सर्चमध्येही नाव सरळ देवनागरीत टाकता येतं. एक सावधगिरी मात्र हवी: कन्व्हर्टर ‘मने’ ला ‘माने’ करत नाही. नवी यादी जुन्या पावतीपुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून बघावी लागली. आमच्या सौ. मोठ्याने वाचत होत्या आणि मी खुणा करत होतो.

बाकी थोडक्यात. एक्सेलची जुनी एक्सएलएस फाइल कॅल्क बिनबोभाट उघडतं. जतन करताना विचारतं, तेव्हा मी ओडीएस, म्हणजे कॅल्कचा स्वतःचा प्रकार, ठेवतो आणि दुसऱ्यांना पाठवायची प्रत तेवढी एक्सएलएसएक्स करतो. काम आपोआप जपून ठेवणारी ऑटोरिकव्हरी मुळात दर १० मिनिटांनी चालते, ती वेळ कमी करा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज न सांगता जाते.

विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आहेत. त्यामुळे या मशीनची नेटची केबल मी काढून ठेवली आहे, बँकेचं काम इथे करत नाही. ज्यांना नेट लागतंच त्यांनी हा मार्ग धरू नये. मोठमोठ्या मॅक्रोंवर (एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर) चालणारा धंद्याचा हिशोब असेल तरीही नाही, कारण एक्सेलची मॅक्रो इथे सगळी चालत नाहीत. यादी, बेरीज, पावती एवढंच काम असेल, तर डब्बा बदलायचं कारण नाही. २५.२ ची एमएसआय आणि ते दोन अपडेट मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले आहेत, पुढचा खजिनदार होईल त्याला यादीसोबत तो पेनड्राइव्हही देईन.