शेततळ्यात धूसर, समुद्रात स्वच्छ : आरसा-काचेच्या गॉगलचा वापरानंतरचा अनुभव

‘आतील अँटी-फॉग लेप हा वापराने झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत येत नाही,’ असे दोन ओळींचे उत्तर, काच आतून धूसर होते या माझ्या तक्रारीला, कंपनीच्या सेवा विभागाकडून मिळाले, आणि साडेतीन हजारांच्या घरातील या पोहण्याच्या गॉगलबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. खोक्यावर ‘अँटी-फॉग’ हे शब्द किमतीपेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत. झिजण्याचा उल्लेख मात्र कुठेही नाही. रुंद वाकवलेली काच, बाहेरून आरशाचा मुलामा, मऊ सिलिकॉनची कड, मागे दुहेरी पट्टा हे सर्व वाचकांना ठाऊकच असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीच्या, पोहण्यासाठी आपल्याकडे खर्च करण्यासारखी वस्तू मुळात गॉगल हीच आहे. आयर्नमॅन या ट्रायथलॉन स्पर्धामालिकेच्या नियमांप्रमाणे वयोगटातील, म्हणजे हौशी, स्पर्धकाला २४.५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यातच वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) घालून बक्षिसाच्या शर्यतीत राहता येते, आणि मी जिथे शर्यत केली त्या गोव्याचे पाणी त्याहून बरेच गरम असते. टोपी आयोजक देतात. उरतो तो गॉगल, म्हणून त्यावर हात सैल सोडला.

माझा सराव दोन ठिकाणी चालतो. आठवडाभर नाशिक महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात, आणि रविवारी निफाडकडे मावसभावाच्या द्राक्षबागेतील शेततळ्यात. शेततळ्याच्या अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही; म्हणून काठावर खुंटाला बांधलेला दोर आणि बाहेर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय आम्ही पाण्यात उतरत नाही. तळाला जलतरण तलावात असते तशी निळी रेघ नाही, दोन हातांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे दिशा राखण्याचा खरा सराव तिथेच होतो. दर सहा-आठ हात मारले की डोळे पाण्याच्या जरासे वर काढून समोरची खूण टिपायची आणि लगेच मान खाली घालायची. डोके जास्त वेळ वर राहिले की कंबर बुडते आणि वेग जातो. खूण दिसलीच नाही आणि दिशा दहा अंशांनी चुकली, तर शंभर मीटरमध्ये माणूस सतराएक मीटर बाजूला भरकटतो.

गॉगलने दगा दिला तो नेमका इथे. सुरुवातीचे काही आठवडे काच लख्ख होती; थंडी पडली तशी ती पहिल्या फेरीतच दुधाळ होऊ लागली. कारण साधे आहे. चेहऱ्याची उष्ण, दमट हवा गॉगलमध्ये कोंडलेली असते, काच बाहेरच्या पाण्याइतकी गार होते, आणि वाफ तिच्यावर बारीक थेंबांच्या रूपात बसते. आतील लेपाचे काम हे थेंब पसरवून पाण्याचा सलग पातळ थर करण्याचे, कारण सलग थरातून आरपार दिसते आणि थेंबांतून दिसत नाही. लेप गेला की गॉगल चारशे रुपयांच्या गॉगलच्या रांगेत येऊन बसतो. मी आतून कधी बोट फिरवले नाही, उन्हात ठेवला नाही, प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला, आणि हे सर्व तक्रारीत लिहूनही उत्तर तेच आले. मावसभावाने किंमत ऐकली तेव्हा तो म्हणाला होता, ‘दादा, एवढ्यात माझ्या ठिबकच्या नळ्या आल्या असत्या.’ दुधाळ काचेतून त्याच्या बागेचा काठ शोधताना ते वाक्य मला दर रविवारी आठवत असे.

बाकी गोष्टींबद्दल तक्रार नाही. पाणी आत येत नाही, नाकावर रुतत नाही, क्लोरीनच्या पाण्यात वापरूनही पट्ट्याला चीर गेलेली नाही. डोळ्यांभोवती वळ उठतात, पण ते कार्यालयात पोहोचेपर्यंत जातात.

आरशाच्या मुलाम्याला मात्र मी निव्वळ दिखाऊपणा समजत होतो, कारण निफाडच्या अंधुक पहाटे त्याने अंधारात भरच पडत असे. ते मत गोव्यात बदलले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या आयर्नमॅन ७०.३ (एकूण ७०.३ मैलांच्या) स्पर्धेत मिरामारच्या किनाऱ्यावरून १.९ किलोमीटर पोहायचे असते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि परतताना तो थेट डोळ्यांवर येतो. शेजारचा एक स्पर्धक परतीच्या वाटेवर वारंवार थांबून हाताने डोळ्यांवर आडोसा करत होता. मला किनाऱ्यावरची कमान मान वर करताच दिसत होती. रुंद काचेमुळे बाजूने येणारे हातपायही आधी दिसले. पट्ट्यावर दुसरी टोपी चढवली होती, त्यामुळे एक लाथ बसूनही गॉगल जागेवरून हलला नाही.

आणि ज्यासाठी इतका पत्रव्यवहार केला, ते धुके तिथे जवळजवळ आलेच नाही. समुद्राचे पाणी कोमट होते, काच फारशी गार झाली नाही, शेवटच्या वळणानंतर कडेला किंचित पांढुरके दिसले तेवढेच. मुंबईच्या किंवा गोव्याच्या माणसाने हाच गॉगल वापरला तर त्याला माझी तक्रार अतिरेकी वाटेल. निफाडच्या थंडीत सराव करणाऱ्याला ती रास्तच वाटेल.

तेव्हा नाशिककरांनी तो घ्यावा, पण लेपाच्या भरवशावर घेऊ नये. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून पसरवून हलके धुतला की सराव संपेपर्यंत काच स्वच्छ राहते. नीट धुतला नाही तर डोळे झोंबतात, एवढे सांभाळावे. हिवाळ्यासाठी मी कॉलेज रोडवरून साडेचारशेचा पारदर्शक काचेचा गॉगल आणला आहे. त्यालाही तोच शाम्पू लावतो आणि पहाटेच्या उजेडात तो या महागड्या गॉगलपेक्षा सरस ठरतो. आरसा-काचेचा गॉगल आता फक्त समुद्रासाठी राखून ठेवला आहे. पाचपैकी साडेतीन गुण. चार दिले असते, अर्धा त्या दोन ओळींच्या उत्तरासाठी कापला आहे.