लाकूड टिकवायचं कसं: तापवून की औषध मुरवून?

भट्टीत लाकूड साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तेही वाफेत. मोकळ्या हवेत ते पेट घेऊ शकतं. आतलं हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला पाणी शोषणारा घटक, मोडतं, लाकूड पाणी कमी पितं, त्यामुळे फुगणं-आकसणं घटतं आणि बुरशीला सहज थारा मिळत नाही. रंग आतपर्यंत तपकिरी होतो, फार देखणा! पण लाकूड ठिसूळ होतं: कडेजवळ खिळा ठोकला की चीर जाते. तुळईसाठी किंवा मातीत पुरायला मी ते कधीच सुचवणार नाही.

खांबाला रासायनिक प्रक्रियाच हवी. टाकीतली हवा ओढून मग दाबाने तांब्याचे क्षार मुरवतात. ताकद जवळपास तशीच राहते. मात्र कापलेल्या टोकाला औषध पुन्हा लावाच, गाभा बहुधा कोराच असतो. उरलेले तुकडे चुलीत घालू नका. जुन्या मिश्रणांत आर्सेनिकही असे.