दारातल्या ओल्या जागेत ताम्हण लावावं की अर्जुन?

पंचगंगेच्या अंगाला, आंबेवाडी-चिखलीकडे किंवा रमणमळ्यात घर असेल तर परड्यातला एक कोपरा असा असतोच, की पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात तीच काळी माती भेगाळते. फोटो बघून काहीजण तिथं लावायला भूर्ज, म्हणजे पांढऱ्या, सोलून निघणाऱ्या सालीचा बर्च, शोधतात. पण आपल्याकडचा भूर्ज हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, थंडीत वाढणारा. कोल्हापूरच्या एप्रिल-मेपुढं त्याचा निभाव लागायचा नाही.

सोलून निघणाऱ्या सालीचीच हौस असेल तर अर्जुन बघा. गुळगुळीत, राखाडी-पांढरट बुंधा. सालीचे पातळ पापुद्रे गळून पडतात आणि खाली फिकट गुलाबी छटा दिसते. हा मुळातच ओढ्या-नदीकाठचा, त्यामुळं पायाशी पाणी आलं तरी बिथरत नाही. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: तो वीस-पंचवीस मीटर उंच जातो, बुंधा कवेत मावत नाही. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर, भिंतीला खेटून, अर्जुन लावूच नये. शेताच्या बांधाला, विहिरीजवळ जागा असेल तर मात्र त्याच्यासारखं झाड नाही.

घरासाठी माझं मत ताम्हणाला. महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून नव्हे, तर ते अंगणात मावतं म्हणून. एप्रिल ते जून फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे येतात. एक फूल हातात घेऊन बघा: साधारण सहा पाकळ्या, प्रत्येकीची कड चुरगळल्यासारखी, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. पानगळीआधी पानं तांबूस होतात, तेही देखणं. फुलं नव्या फुटीवर येत असल्यानं हिवाळ्याच्या शेवटी हलकी छाटणी केलेली चालते. अर्जुनाला असं आटोक्यात ठेवणं जमत नाही.

वाळुंजाची, म्हणजे आपल्याकडच्या विलोची, फांदी ओल्या जमिनीत रोवली तरी जगते, म्हणून तो लावायचा मोह होतो. त्याची मुळं पाण्याच्या मागं धावतात. ड्रेनेजच्या पाइपाजवळ नको. ओढ्याची कड धरून ठेवायला ते उत्तम.

ताम्हण घराच्या भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब ठेवा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर लावा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढायच्या आत रोप मूळ धरेल. जागा फारच सखल असेल तर हात-दीड हात उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. कोवळं रोप दिवसचे दिवस पाण्यात राहिलं तर कुजतं. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या, बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. पाचट आपल्याकडं कुठंही मिळतं.