पासवर्ड कुणालाच दिला नव्हता, तरी ३२,९३० नाणी गेली

मुलाच्या रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या खात्यात ६,४३० नाणी होती. शिवाय दोन वर्षं अदलाबदल करून जमवलेल्या तीन दुर्मिळ वस्तू, १२,५००, ९,८०० आणि ४,२०० नाण्यांच्या. एकूण ३२,९३०. सतरा मिनिटांत खातं साफ. चोराने स्वतःचा कोरा टी-शर्ट बरोब्बर ६,४३० ला विक्रीला लावला आणि आमच्या खात्यातून घेतला. वस्तू पाच नाण्यांच्या टोपीच्या बदल्यात दिल्या. म्हणजे नोंदीत चोरी नाहीच, खरेदी आणि अदलाबदल!

फुकट नाण्यांच्या लिंका, ‘आधी तू दे, मग मी देतो’ हे प्रकार आम्हाला ठाऊक होते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू होती. पालकांचं लक्ष नव्हतं, असं कृपा करून म्हणू नका.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ओळख झालेल्या एकाने दुसऱ्याच्या पात्राचे कपडे ‘कॉपी’ करून देणारी साइट सांगितली. तिथल्या पायऱ्या अशा: गेमच्या साइटवर लॉगिन करा, एफ-१२ दाबा (याने ब्राउझरची प्रोग्रामरसाठीची खिडकी उघडते), तिथला नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा, पहिल्या ओळीवर राइट क्लिक करून ‘कॉपी अ‍ॅज पॉवरशेल’ निवडा, आलेला मजकूर आमच्या चौकटीत पेस्ट करा.

मुलाने विचारलं होतं, “पॉवरशेल म्हणजे काय?” मजकूर समोर स्क्रीनवर होता. “असेल काहीतरी कोडिंगचं,” एवढंच उत्तर त्याला आमच्याकडून मिळालं. पोरगं कोडिंग शिकतंय याचं कौतुकसुद्धा वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं. चार ओळी वाचल्या असत्या तर ‘कुकी’ हा शब्द दिसला असता. विचारणारा विचारत होता आणि उत्तर देणाऱ्याने वाचलं नाही, हे अजून डाचतं.

पॉवरशेल म्हणजे विंडोज संगणकाला लेखी आज्ञा देण्याची सोय. त्या मजकुरात लॉगिनची कुकी असते, म्हणजे ‘हा आधीच लॉगिन झालेला आहे’ असं साइटला सांगणारी खूण. ती ज्याच्या हाती, तो आत आलेलाच असतो. आत यायला त्याला पासवर्ड किंवा कोड कुणी विचारत नाही. रोब्लॉक्सच्या कुकीत तर सुरुवातीलाच ‘हे कुणाला देऊ नका’ असा इंग्रजीत इशारा असतो. एफ-१२ दाबायला सांगणारा मित्र असला तरी मुलाला थांबवा. मित्राचं खातंही चोरलेलं असू शकतं. ‘हार’ फाइल (त्याच नेटवर्क टॅबमधली साठवलेली नोंद) मागणं, एखादी लिंक ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये ओढून ठेवायला सांगणं हेही त्यातलेच प्रकार.

आम्ही घाबरून फक्त ब्राउझर बंद केला. त्याने कुकी रद्द होत नाही. आधी ‘सगळीकडून लॉग आउट’, मग नवा पासवर्ड, मग खात्यावरचा ईमेल तपासा, कारण चोर स्वतःचा घालून ठेवू शकतो.

मदत केंद्राचं पहिलं उत्तर नऊ दिवसांनी आलं: व्यवहार तुमच्याच खात्यातून झाला आहे. मग पहिल्या खरेदीची पावती मागितली. ती दिली, तर पुन्हा तेच उत्तर, शब्दन् शब्द तेच! तक्रार नोंदवायला गेलो तिथे ऐकवलं की खेळातली नाणी म्हणजे पैसे नव्हेत. अहो, ती खऱ्या कार्डाने विकत घेतली होती! बँक म्हणाली, खरेदी तुम्हीच केली. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि मुलाला काय सांगायचं ते आमच्यावर सोडलं.

पावत्या आणि व्यवहारांच्या यादीचे स्क्रीनशॉट पहिल्या तासात काढा. खात्यात कार्ड साठवू नका, गिफ्ट कार्ड वापरा. रागाच्या भरात बँकेकडून जुन्या खरेदीचे पैसे परत फिरवू नका. त्यावरून खातं कायमचं बंद होऊ शकतं.